कॅनडातल्या मॅनिटुलिन बेटावरचा कडा चढायचाय?

टोरांटोकडून येत असाल तर टोबरमोरीची फेरीबोट पकडा, सुमारे 2 तासांत बेटावरचं साउथ बेमाउथ. ती मे ते ऑक्टोबरच चालते. ह्युरॉन सरोवरातलं हे बेट, गोड्या पाण्याच्या तळ्यातलं जगातलं सर्वांत मोठं, त्यामुळे गाडी हवीच.

कड्यावर नेणारी ‘कप अँड सॉसर’ची पायवाट रानातून चढते. पावसानंतर मुळांवर पाय देऊ नका, साबणासारखी सटकतात. वर चुनखडीचा 70 मीटरचा सरळसोट कडा. कठड्याच्या भरवशावर राहू नका, पोरांचा हात सोडू नका. खाली लेक मॅनिटू, म्हणजे तळ्यातल्या बेटावरचं तळं! मी भाकरी-ठेचा कड्यापासून चार पावलं आत बसूनच खाते. शिड्यांची वाट ओल असेल तर सरळ सोडून द्या. जूनमध्ये डास फोडून काढतात, पूर्ण बाह्यांचंच घाला.