सस्पेन्शनचा आवाज: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरत आला की गॅरेजमध्ये एकच तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात: "पुढून खडखड येतंय, बघा जरा." तक्रार खरी असते. चाळण झालेल्या रस्त्यांवर चार महिने गाडी चालवली की बुश (सांध्यांमधलं रबर), बॉल जॉइंट (गोळीसारखा फिरणारा सांधा), लिंक रॉड यांतलं काहीतरी सैल होणारच. पण गाडीवाल्याचा खरा तोटा त्यानंतर होतो. आवाज नेमका कुठून येतोय हे न शोधताच पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर), मग लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा हात), मग माउंटिंग (शॉकअप बॉडीला जिथे बसतो तो भाग). हजारो रुपये खर्चून झाल्यावरही खडखड तशीच राहते, आणि मग "या गाडीचं सस्पेन्शनच बेकार" असा निकाल लागतो. सस्पेन्शन बेकार नसतं. शोध अर्धवट राहिलेला असतो.

"आवाज येतोय" एवढंच सांगून गाडी सोडून येणं

ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. गॅरेजच्या दारात गाडी उभी असते तेव्हा ती आवाज करत नाही. मेकॅनिक गल्लीतून एक फेरी मारतो, त्याला काही ऐकू येत नाही किंवा काहीतरी भलतंच ऐकू येतं, आणि अंदाजाने काम सुरू होतं. गाडी रोज तुम्ही चालवता, त्यामुळे तो आवाज तुमच्याइतका कोणालाच माहीत नसतो. गॅरेजला जाण्याआधी दोन-तीन दिवस नीट लक्ष द्या. आवाज कधी येतो, यातच अर्धं निदान असतं.

हळू वेगात, बारीक खाचखळग्यांवर पुढून टकटक येते, पण स्पीड ब्रेकर सरळ ओलांडताना येत नाही? मग संशय लिंक रॉडवर घ्या, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (गाडीचं कलणं कमी करणारा आडवा दांडा) स्ट्रटशी (शॉकअप आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी) जोडणाऱ्या त्या छोट्या दांड्यावर. ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार नुसता फिरतो आणि लिंकवर ताण फारसा येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बारला पीळ बसतो आणि झिजलेला लिंक बोलू लागतो. याची चाचणी फुकट आहे. सोसायटीच्या आवारात एखादा ब्रेकर आधी सरळ ओलांडा, मग एकाच बाजूचं चाक त्याच्या टोकावरून न्या, आणि काचा खाली करून ऐका. लिंक रॉड हा सस्पेन्शनमधल्या स्वस्त पार्टांपैकी एक. तो सोडून शॉकअपची जोडी बदललेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की पुढून "टंग" असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो का? मग बहुधा स्ट्रटच्या वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग अडकतंय. एकाला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून माउंटच्या नटाशेजारी बोटं ठेवावीत. झटका हाताला कळतो. ब्रेक दाबताना किंवा गाडी उचल घेताना एकच "धप्प" होत असेल तर लोअर आर्मचा बुश आधी तपासा. ब्रेकवर चाक मागे ढकललं जातं, आणि फाटलेलं रबर ते रोखू शकत नाही. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर व्हील बेअरिंगची किंवा असमान झिजलेल्या टायरची असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना येणारी कटकट ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवत ठेवणाऱ्या सांध्याची. या शेवटच्या दोन्हींचा शॉकअपशी काही संबंध नाही.

डिकी रिकामी न करताच सस्पेन्शन खोलणं

हे वाचून कोणाला हसू येईल, पण मागून येणाऱ्या खडखडीत जॅक, पाना, सैल बसलेली स्टेपनी, मागचा पार्सल ट्रे आणि मोकळ्या सीट बेल्टचं बकल यांचा वाटा मोठा असतो. आधी डिकी पूर्ण रिकामी करा, स्टेपनीचा बोल्ट आवळा, ट्रे काढून घरी ठेवा, आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा जाऊन या.

पुढच्या बाजूला ब्रेक पॅड आणि कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अशीच फसवतात. खराब रस्त्यावर आवाज सुरू असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा. आवाज त्या क्षणी थांबला तर तो बहुतेक करून ब्रेकचा आहे. आमच्या ओळखीतल्या एकांच्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही शॉकअप एका गॅरेजने बदलून दिले होते, तरी टकटक कायम होती. चाक काढून पाहिलं तेव्हा एका कॅलिपरची स्लायडिंग पिन बोटाने हलत होती, रबराचा बूट फाटलेला, आत ग्रीसचा पत्ता नाही. नवी पिन आणि बूट बसवला, पिनेला योग्य ग्रीस लावलं आणि आवाज गेला. उतरवलेले जुने शॉकअप कोरडे होते आणि हाताने दाबल्यावर दोन्हीकडे नीट अडत होते.

प्रत्येक गोष्टीचा आळ शॉकअपवर

"गाडी बसलीय, शॉकअप गेले" हे वाक्य नेहमी ऐकू येतं. गाडीचं वजन कॉइल स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं हेलकावणं थांबवण्याचं. आतलं तेल बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जिरते. त्यामुळे गाडी एका बाजूला खाली दिसत असेल तर आधी स्प्रिंग बघा. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगला गंज चढतो, आणि खालच्या वेटोळ्याचं टोक तुटलं तरी ते स्प्रिंगच्या बैठकीत दडून राहतं. नुसत्या डोळ्यांना लवकर दिसत नाही. तुटलेलं टोक टायरला घासू शकतं, म्हणून तिथे हात फिरवून खात्री करा.

शॉकअप गेल्याची खूण वेगळी असते: ब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा झुलते, वेगात पूल किंवा उंचवटा ओलांडला की तरंगल्यासारखी वाटते, टायरवर जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज दिसते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धवट गेलेला नाही. आणि शॉकअपवर तेलाचा पुसट थर, त्यावर चिकटलेली धूळ, एवढ्याने तो बाद होत नाही. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा ओलं होत असेल, तर मात्र बदला, आणि एकाच ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदला.

फिटिंगमधल्या चुका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण "नवीन पार्ट सहा महिन्यांत गेला" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा पार्टमध्ये नसून तो बसवण्यात असतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबत असतानाच लोअर आर्मचे किंवा मागच्या ॲक्सलच्या बुशचे बोल्ट पक्के आवळणं. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते आणि आर्म वर-खाली होताना फक्त रबर पिळलं जातं. लोंबत्या अवस्थेत आवळलं तर गाडी जमिनीवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. नुसती उभी असली तरी ते ताणलेलंच राहतं, आणि खड्ड्यात त्यावर आणखी ताण. मग काही महिन्यांत रबर फाटतं आणि दोष कंपनीला लागतो. बरोबर पद्धत साधी आहे. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मखाली जॅक लावून वजन द्यायचं, दोनदा दाबून बसवायची आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळायचे. मेकॅनिकला हे आधीच सांगा. चांगला मेकॅनिक रागावत नाही.

दुसरी चूक स्ट्रटच्या मधल्या नटाची. नट फिरवताना आतला दांडाही फिरतो, म्हणून काही जण तो पक्कड किंवा पाइप पान्याने धरतात. दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागावर ओरखडा पडला की तो प्रत्येक हालचालीत सील कापत राहतो आणि नवा शॉकअप गळू लागतो. दांडा धरायला वरच्या टोकाला खाच दिलेली असते, तीच वापरायची. आणि हा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कधीही सोडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. घरच्या घरी करून बघण्याचं हे काम नव्हे.

ट्विन-ट्यूब (आत-बाहेर दोन नळ्यांचा) शॉकअप आडवा पडून राहिला असेल तर आतला गॅस किंवा हवा नको तिथे गेलेली असते. बसवण्याआधी तो उभा धरून काही वेळा सावकाश पूर्ण आत-बाहेर केला नाही, तर नवा शॉकअपही सुरुवातीला टकटक करतो.

पैसे वाचवण्याच्या नादात नव्या शॉकअपवर जुनं माउंट, भुगा झालेला बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारं रबर) आणि फाटलेला धूळबूट चढवला जातो. हे तिन्ही बदलायला पुन्हा तेवढीच खोलाखोल आणि तेवढीच मजुरी लागते, तेव्हा एकदाच बदला. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट टाळू नका. स्ट्रट खोलला की कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन) दोन्ही हलू शकतात.

जुगाड: तेल मारणं आणि स्प्रिंगमध्ये रबर

पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. जीपच्या पाट्यांच्या स्प्रिंगच्या काळात तिला काही अर्थ होता. आजच्या हॅचबॅकमध्ये पुढे स्ट्रट, मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा भाग) आणि सगळीकडे रबर बुश. खनिज तेल लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. कुईकुई दोन दिवस थांबते आणि बुशचं आयुष्य घटतं. कुईकुईवर उपाय करायचाच तर स्टॅबिलायझरचा बुश काढून साफ करा, गरज असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा, चिरा दिसल्या तर बदला.

गाडी खाली घासते म्हणून कॉइलच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर बसवणं हाही चुकीचाच इलाज. वेटोळ्यांची तेवढी हालचाल थांबते, ताण उरलेल्या भागावर आणि माउंटवर जातो, गाडी कडक होते. घासण्याचं कारण थकलेली स्प्रिंग किंवा जास्तीचं वजन असेल तर ते तसंच राहतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोल स्पीड ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे तो साधारण ताशी 25 किलोमीटरने ओलांडता येतो. गल्लोगल्ली लोकांनी स्वतः घातलेले अरुंद, उंच ब्रेकर यात बसत नाहीत, तिथे गाडी जवळजवळ थांबवावीच लागते. खड्डा टाळता येत नसेल तर वेग त्याच्या आधीच कमी करा आणि चाक आत जायच्या क्षणी ब्रेकवरून पाय काढा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, आणि सगळा दणका बंप स्टॉपवर आणि बॉडीवर येतो.

हा आवाज मात्र पुढे ढकलू नका

बहुतेक आवाज त्रासदायक असतात, धोकादायक नसतात. अपवाद लोअर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा). गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा. चाक वरून आणि खालून धरून हलवा, मग डावीकडून आणि उजवीकडून. वर-खाली खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवा खेळ असेल तर टाय रॉड. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही. अशा खेळासह खंबाटकी किंवा वरंधा घाट उतरायला निघू नका. गाडी टो करून न्या.

तक्रार तोंडीच ठेवणं

वॉरंटीतल्या गाडीबाबत "सगळ्याच गाड्यांना असा आवाज येतो" हे उत्तर मिळालं तर तिथे वाद घालत बसू नका. सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शेजारी बसवून आवाज येतो त्याच रस्त्यावर न्या, आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर चालवून दाखवायला सांगा. जॉब कार्डवर "जनरल चेकअप" लिहू देऊ नका. "ताशी 20 वेगात, डाव्या पुढच्या चाकाकडून, खडबडीत रस्त्यावर टकटक" असं तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, किलोमीटर आणि तारखेसह. दर वेळी. वॉरंटी संपल्यानंतर तोच दोष पुन्हा निघाला तर तो आधीपासून होता हे सांगायला हाच कागद लागतो. बदललेला जुना पार्ट पाहायला मागा. वॉरंटीत तो परत मिळत नाही, पण फोटो काढता येतो.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं. दोष तुमच्या एकट्याच्या गाडीत नसून त्या मॉडेलमध्येच आहे असं वाटत असेल तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 110-अ उपयोगी पडतं. त्याखालचे रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. 7 वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेला बाधा आणणारा दोष असेल तर मालकाला केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि पुरेशा तक्रारी जमल्या की चौकशी होऊन कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतं. लोअर आर्म किंवा टाय रॉड तुटण्यासारखा प्रकार घडला असेल तर तिथे नोंद जरूर करा, आणि तुटलेल्या पार्टचे फोटो दुरुस्तीआधीच काढून ठेवा.