टेस्ट ड्राइव्हच्या वेळी रेडिओ बंद ठेवावा
चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या एसयूव्हीला ऐट येते ती सनरूफ आणि मोठ्या टचस्क्रीनमुळे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तासाभराच्या प्रवासानंतर अंगाला जाणवते ती आतली शांतता आणि बैठक. म्हणून नाशिकमध्ये गाडी पाहताना कॉलेज रोडवरच्या एका फेरीवर समाधान मानू नये. विक्रेत्याला विनंती करून मुंबई-आग्रा महामार्गावर ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठावा, रेडिओ बंद करावा, एसीचा पंखा सर्वांत कमी गतीवर आणावा आणि टायरचा, वाऱ्याचा व इंजिनाचा आवाज वेगवेगळा ऐकावा. तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मात्र गाडी सिग्नलला उभी असताना, स्टिअरिंगवर हात ठेवूनच कळते.

महागड्या व्हेरिएंटची मोठी चाके देखणी असली, तरी त्यांच्यावरच्या टायरची बाजू बुटकी असते, आणि ती जितकी बुटकी तितके खड्ड्यांचे धक्के अधिक थेट आत येतात. त्यामुळे १६ इंची चाकांचा स्वस्त व्हेरिएंट पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अधिक ‘श्रीमंत’ वाटू शकतो. मागच्या सीटवर घरातल्या ज्येष्ठांना बसवून मांड्यांना पुरेसा आधार मिळतो का, हे पाहावे. सनरूफमुळे डोक्यावरची जागा किती कमी झाली, तेही तिथेच लक्षात येते. एप्रिल-मेच्या उन्हाचा विचार करता, माझ्या मते, सनरूफपेक्षा व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळवणारी) सीट आणि मागचे एसी व्हेंट यांवर पैसे घालणे शहाणपणाचे आहे. दार लावतानाचा भारदस्त आवाज फसवा असू शकतो. त्याऐवजी दाराभोवतीचे रबर दुहेरी आहे का, ते बोटाने चाचपून पाहावे.