विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण: या चुका टाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. तास भरतातही. वर्गातलं विज्ञान मात्र होतं तिथेच राहतं, आणि त्याचं कारण बहुतेकदा आपल्या आखणीत असतं.

सर्वात मोठी चूक म्हणजे प्रयोग करून दाखवायचा आणि लगेच उत्तर सांगून टाकायचं. ताटलीतल्या मेणबत्तीचंच घ्या. पाण्यात पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी चढतं. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असं सांगून सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारा, पुढे जातो आणि हे चुकीचं उत्तर गावोगावच्या वर्गांत पोचतं. त्यापेक्षा शिक्षकांना गटात बसवून आधी एक, मग तीन मेणबत्त्या लावायला सांगा. पेला तोच, हवा तेवढीच, तरी तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. मग ऑक्सिजन वाढला का? पाणी नेमकं कधी चढतं, तेही पाहू द्या: मुख्यतः ज्योत विझल्यावर. तापून फुगलेली हवा थंड होताना आकसते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन तर आत बराच शिल्लक असतो. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी चारचौघांत चुकायला कचरतात, हे स्वाभाविक आहे. म्हणून आधी प्रत्येकाचा अंदाज नाव न घालता चिठ्ठीवर घ्या. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनाही गटातच बसवा.

शाळेत नसलेल्या किटवर प्रशिक्षण उरकू नका. मराठवाड्यात कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. ते पाणी आणि साठवलेलं पावसाचं पाणी दोन बाटल्यांत घ्या, साबणाच्या द्रावणाचे सारखे थेंब टाकून हलवा. दुष्फेन पाण्याचा पाठ समोर उभा राहतो. शाम्पू मात्र नको, त्याला दुष्फेन पाण्यातही फेस येतो.

नंतर महिनाभरात कुणीतरी वर्गात जाऊन बसावं, पण तपासणीला नव्हे. मुलांनी काय विचारलं तेवढं टिपून शिक्षकाला द्या. पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षकांनाच बोलू द्या, फसलेल्या प्रयोगाबद्दलसुद्धा.

आणि द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंना बोलावणार असाल, तर त्या दिवशी त्यांचे वर्ग कोण सांभाळणार हे तारीख काढण्याआधी ठरवा.