स्केलिंगच्या पोस्टिंगला येताय? या चुका टाळा

नवी बॅच आली की मला पहिल्याच दिवशी ओळखू येतं कोण कसं काम करणार ते. अ‍ॅप्रन कडक इस्त्रीचा, खिशाला चार रंगांचे पेन आणि तोंडात पहिला प्रश्न : "मॅडम, कोटा किती केसेसचा आहे?" पेशंटचं नाव विचारायच्या आधी कोटा विचारणाऱ्या पोरांवर माझं लक्ष जरा जास्तच असतं. पुढच्या चुका बहुतेक त्यांच्याच ट्रेवर सापडतात.

मी नागपुरात डेंटल हायजिनिस्टच्या आणि बीडीएसच्या मुलांना स्केलिंग शिकवते, म्हणजे दातांवर दगडासारखं जमलेलं टार्टर काढायला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे ओरल हेल्थ थेरपिस्ट म्हणून वेगळा पेशा आहे, ते लोक दातही भरतात. आपल्याकडचा हायजिनिस्ट दोन वर्षांचा डिप्लोमा करून येतो आणि त्याचं काम १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्येच सांगितलेलं आहे : दात साफ करणं, पॉलिश करणं, आणि तोंडाच्या स्वच्छतेचं शिक्षण देणं. शिक्षणाचं शेवटी पाहू, कारण मुलंही ते शेवटीच ठेवतात.

चूक पहिली : तोंड न पाहता दात पाहणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून जरा लांबण लागेल.

विदर्भात पेशंट खर्रा खातो हे धरूनच चाला. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून घोटून केलेला. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये, पण पानठेल्यासमोर उभं राहून खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत. हा माणूस तुमच्याकडे कधीच "माझं तोंड उघडत नाही" म्हणून येत नाही. तो येतो घरी लग्न आहे, फोटोत दात काळे दिसतात म्हणून.

असेच एक काकाजी आले होते, कामठीकडचे. माझ्या विद्यार्थ्याने केसपेपर भरला. सवयी या रकान्यात लिहिलं, "खर्रा, कधीकधी." चाळीस मिनिटांनी पोरगा खुशीत मला बोलवायला आला. खालचे पुढचे दात खरंच लखलखीत केले होते. मी आरसा हातात घेतला आणि उजवा गाल बाजूला करायला गेले, तर आरसा गालाला चिकटला. गाल ओला नव्हताच, पांढुरका आणि चामड्यासारखा टणक झालेला. बोट फिरवलं तर आत दोरीसारखे पट्टे लागले. आणि जिथे खर्रा ठेवायची जागा, गाल आणि खालच्या हिरड्यांमधली ती खाच, तिथे बोराएवढा लालसर, खरखरीत चट्टा. चाळीस मिनिटं पोराचा आरसा त्याच चट्ट्यावर टेकलेला होता.

"काकाजी, दिवसाचे किती खर्रे होतात जी?"

"जास्त नाही. दोन-तीन."

सोबत आलेल्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "सात-आठ होतेत."

आम्ही सरांना दाखवलं, सरांनी बायोप्सी सांगितली, चिठ्ठी दिली. काकाजींनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली, आरशात दात पाहिले, खूश झाले आणि गेले. परत आले नाहीत. दिलेल्या नंबरवर फोन केला, तो लागलाच नाही. का येतील ते? ज्या कामासाठी आले होते ते आम्हीच तर करून दिलं होतं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर क्रम ठरलेला आहे आणि तो पुस्तकातला नाही, माझा आहे. पेशंट चेअरवर बसला की आधी त्याला त्याचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगायची. तीन गेली तर ठीक, दोनवरच अडली तर तिथेच थांबायचं. मग ओठ, दोन्ही गाल, खाचा, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. गॉज धरून जीभ बाहेर ओढायची, लाजायचं नाही. कुठे काही दिसलं तर स्केलर हातात घ्यायच्या आधी डॉक्टरला दाखवायचं, आणि साफसफाई पुढच्या भेटीवर ढकलायची. पोरं म्हणतात, मॅडम, केस जाते. जाऊ दे. दात साफ व्हायचे बाकी असले तर माणूस परत येतो.

आणि सवय विचारताना "खर्रा खाता का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" किंवा "कधीकधी" असंच येतं. "रोजचे किती?" असं सरळ विचारा.

औषधांचंही तसंच. "काही आजार?" म्हटलं की "काही नाही." गोळ्यांची पन्नी दाखवा म्हटलं की पिशवीतून बीपीची, शुगरची आणि "हार्टची ती छोटी गोळी" निघते. ती छोटी गोळी बहुधा रक्त पातळ करणारी असते. आपल्या भागात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट आहेत, तेही विचारा. फॉर्मवर तो रकाना छापलेला नसला तरी.

चूक दुसरी : मशीनवर जोर देणं

अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं. काम ती थरथर करते, तुमचा दंड नाही. तरी प्रत्येक बॅचमध्ये दोघं-तिघं असे निघतात की टार्टर निघत नाही म्हटलं की मनगट पांढरं होईपर्यंत दाबतात. दाबलं की टोकाची थरथर मरते, दात तापतो, पेशंट चेअरचा हात घट्ट धरतो आणि टार्टर तिथेच. मग पोरगं पॉवर वाढवतं. मग मी ओरडते.

दुसरा प्रकार म्हणजे टोकाची अणी सरळ दातावर रोवणं. छिन्नी नाहीये ती. टोकाची बाजू दाताला जवळजवळ समांतर ठेवायची, सतत हलती, पिसासारखी हलकी. मुळाच्या पृष्ठभागावर अणी रोवली तर ओरखडा कायमचा राहतो आणि पुढे त्याच ओरखड्यात घाण साचते.

यावर माझा उपाय अंडं. प्रत्येकाने घरून एक कच्चं अंडं आणायचं, त्यावर नेलपॉलिशचा पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा आणि स्केलरने कवच न फोडता तो पट्टा काढायचा. पहिल्या दिवशी फँटम लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यांच्या तोंडावर सराव करतात तिथे, ऑम्लेटचा वास सोडून सगळं असतं. एका मुलीच्या घरी अंडं चालत नव्हतं, तिने मैत्रिणीचं उसनं घेतलं आणि बॅचमध्ये सगळ्यात आधी स्वच्छ काढून दाखवलं, कारण दुसऱ्याचं अंडं फोडायची तिला भीती होती. तेवढीच भीती पेशंटच्या दाताबद्दल असली की काम होतं. व्हिडिओ पाहून शिकलेले हुशार मात्र तीन-तीन अंडी फोडतात. व्हिडिओत जोर दिसत नाही ना.

टार्टर खरंच निघत नसेल तर आधी टोक बघा. टोक एक मिलिमीटर झिजलं की साधारण पाव ताकद गेली, दोन मिलिमीटर झिजलं की अर्धी. मग ते फेकायचंच. कंपनीचं मोजायचं कार्ड मिळतं, ते ड्रॉवरमध्ये ठेवून उपयोग नाही. मी दर सोमवारी सगळी टोकं त्यावर लावून बघते. नंतर पाणी बघा. टोकाभोवती बारीक तुषार उडायला हवेत, थेंब-थेंब गळत असेल तर मशीन चालवू नका. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, ते टोक काय थंड करणार? आमच्याकडे उन्हाळ्यात युनिटची वेगळी बाटली भरतो. आणि सकाळी आल्या आल्या दोन मिनिटं लाइन वाहू द्या, रात्रभर नळीत साचलेलं पाणी कुणाच्या तोंडात उडवायचं नसतं.

बाकीच्या, थोडक्यात

बोटाचा टेकू. अनामिका दातावर टेकलेली हवी. ओठावर किंवा ओल्या गालावर नाही. पेशंट खोकला की तुमचा हात त्याच्या डोक्यासोबत हलला पाहिजे. टेकू नसेल तर सिकल (कोयत्यासारखं टोकदार हत्यार) कुठे जाईल ते मी पाहिलेलं आहे, सांगत नाही.

ग्रेसीचे (हाताने मुळं साफ करायच्या हत्यारांचे) नंबर पाठ करा. मागच्या दातांना ११-१२ मेझियलला (दाताची पुढची बाजू), १३-१४ डिस्टलला (मागची बाजू). जो हाताला लागेल तो उचलायचा नाही.

प्रोब (हिरडीच्या फटीची खोली मोजायची सळई) एका जागी टोचून काढायचा नाही, हिरडीच्या कडेने चालवत न्यायचा. जोर पंचवीस ग्रॅमच्या आत. आपल्या नखाखाली घालून बघा, नख पांढरं व्हायला नको.

उजवं-डावं पेशंटचं, तुमचं नाही. ३६ (खालची डावी दाढ) च्या जागी ४६ (उजवी) लिहिणारे दरवर्षी सापडतात.

ग्लोव्हज घालून मोबाइलला हात लावला तर त्या दिवशीची केस माझ्याकडून साइन होत नाही. वाद घालू नका.

सुईला दोन हातांनी टोपण लावायचं नाही. हब कटर (सुई कापायचं यंत्र) शेजारीच ठेवलेला असतो, शोभेला नाही. सुई पांढऱ्या डब्यात, ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या. टोचलंच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि लपवू नका. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि पहिल्या दोन तासांत झालं तर उत्तमच. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पोस्टिंगच्या आधी झालेले हवेत. "घेतो मॅडम पुढच्या महिन्यात" हे मी ऐकून घेत नाही.

आणि हो, ते "शिक्षण"

केस संपली की पोरं ग्लोव्हज काढता काढता म्हणतात, "दोनदा ब्रश करा बरं का काका." झालं शिक्षण. कायद्याने नेमून दिलेलं अर्धं काम एका वाक्यात उरकलं.

यातूनच मग तक्रार येते. आठ दिवसांनी पेशंट दारात : "तुमच्या पोरीनं दात साफ केले आन् आता माझे दात हलून राहिले." दात आधीपासूनच हलत होता. टार्टरने त्याला सिमेंटसारखं धरून ठेवलं होतं, ते निघालं आणि हलणं जाणवलं. पण हे नंतर सांगितलं की सारवासारव वाटते. म्हणून स्केलिंगच्या आधी पेशंटच्या हातात आरसा द्या, दोन आरशांच्या दांड्यांमध्ये तो दात धरून हलवून दाखवा, केसपेपरवर लिहा आणि त्याला लिहिताना बघू द्या. थंड पाणी काही दिवस झिणझिणेल, फटी दिसतील, हेही तेव्हाच सांगा.

मग मॉडेल आणि ब्रश त्याच्या हातात देऊन म्हणा, "करून दाखवा, रोज कसं करता ते." बहुतेक जण आडवं खसाखसा घासतात. एक आजी होत्या, त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि मधलं बोट वर करून म्हणाल्या, "माय, मी तं गुडाखू लावते." गुडाखू म्हणजे तंबाखूची पेस्ट, आणि केसपेपरवर सवयीच्या रकान्यात आमच्या मुलीने "काही नाही" लिहिलेलं होतं. तिने मुकाट्याने पेन काढलं, रकाना खोडला आणि पुन्हा गाल बघायला बसली.