नाताळचा टर्की फेब्रुवारीतच ठरतो

दसरा झाला की फोन सुरू होतात. “नाताळासाठी टर्की करायचे म्हणतोय, पिल्लं कुठं मिळतील?” मी सांगतो, आता घ्या आणि पुढच्या वर्षीच्या नाताळाला विका. अडीच महिन्यांत ब्रॉयलर विकून मोकळे व्हाल, टर्की होणार नाही. डिसेंबरात गोव्यात, वसईत, मुंबई-पुण्यात ज्या पक्ष्याला गिऱ्हाईक शोधत येते, त्याचे अंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये घातलेले असावे लागते. म्हणून हा सल्ला आत्ता, माघात. ज्यांच्याकडे पाच-सहा माद्या आणि एखादा नर आहे, किंवा या उन्हाळ्यात पहिली वीस-पंचवीस पिल्ले आणायचा विचार आहे, त्यांच्यासाठी.

आधी हिशेब उलटा मांडू. टर्कीचे अंडे 28 दिवसांनी फुटते, म्हणजे कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त. पुढे पिल्लाला चार आठवडे ऊब लागते. हवा थंड किंवा दमट असेल तर सहासुद्धा. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो, आणि कोकणात त्यानंतर चार महिने जमीन सुकत नाही. टर्कीच्या कोवळ्या पिल्लाला ओलीइतका दुसरा वैरी नाही. 1 मार्चला बसवलेली अंडी 29 मार्चला फुटतात. मृगापर्यंत ती पिल्ले दहा आठवड्यांची, अंगभर पिसे आलेली असतात. 10 एप्रिलला बसवलेली 8 मेला फुटतात, आणि पाऊस येतो तेव्हा जेमतेम महिन्याची असतात. ही माझी शेवटची तारीख. त्यानंतरची अंडी आम्ही खातो. ऑम्लेट चांगले होते.

मार्चचा पक्षी डिसेंबरपर्यंत पोसायचा म्हणजे खाद्याचे पैसे गेले, असे कुणी म्हणेल. बंद शेडमध्ये विकतच्या खाद्यावर वाढवणाऱ्याच्या बाबतीत ते खरेच आहे, तो पाच-सहा महिन्यांत पक्षी काढतो. पण जुलै ते ऑक्टोबर आपल्या बांधावर हिरवे फुकट असते, आणि टर्की हा चरणारा पक्षी आहे. पाला, गवत, किडे, गोगलगायी यांवर मोठ्या पक्ष्याचे जवळजवळ निम्मे खाद्य वाचते.

आता या महिन्यातले काम. मादी साधारण 30 आठवड्यांची झाली की अंड्यावर येते, पण तिचे अंडे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे दिवस साडेअकरा तासांच्या आसपास असतो; तिला चौदा तास उजेड हवा. खुराड्यात एक नऊ वॅटचा एलईडी पहाटे साडेचारला लागेल असा टायमर बसवा. एकदा उजेड वाढवला की मध्येच कमी करू नका, माद्या अंडी बंद करतात. लाइट जाण्याचा त्रास असेल तर सौर दिवा ठेवा. नराला हाच उजेड माद्यांच्या दोन-तीन आठवडे आधी दिलेला बरा. पहिली अंडी पोकळ (आत पिल्लू न धरलेली) निघतात ती बहुतेक वेळा नर तयार नसल्यामुळे.

एका नरामागे चार-पाच माद्या पुरे. अंगाने फार भारी जात असेल तर तीन. जड नर मादीच्या पाठीवर चढताना नखांनी कातडे फाडतो, म्हणून हंगामाआधी नखे आणि पायावरचा काटा बोथट करून घ्या. पाठ सोलवटलेली मादी नराजवळ जात नाही. तिला पंधरा दिवस वेगळे ठेवा. नर आपल्याच घरच्या माद्यांचा भाऊ नसावा. चार वर्षे तोच घरातला नर वापरल्यावर अंडी फुटेनाशी होतात आणि लोक उबवणी यंत्राला दोष देतात. नर बदललात तर लगेच नव्याची पिल्ले धरू नका. टर्कीच्या मादीच्या पोटात जुन्या नराचे बीज कित्येक आठवडे टिकते.

नराचे डोके क्षणात लाल, क्षणात पांढरे, मग निळे होते आणि चोचीवरचा मांसाचा लोंबता तुकडा लांबतो-आखडतो, हे पाहून नवे लोक आजार समजून फोटो पाठवतात. आजार नाही, तो रंगात आला आहे. 1612 मध्ये सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की जहांगीर बादशहाने पाहिला, तेव्हा त्याने आपल्या आठवणींत नेमके हेच लिहून ठेवले: सरड्यासारखे रंग, आणि तो लोंबता तुकडा हत्तीच्या सोंडेसारखा. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून त्याने त्या पक्ष्याचे चित्रही काढून घेतले. गोव्यात हा पक्षी पोर्तुगिजांमुळे आला. त्यांच्या भाषेत टर्कीला ‘पेरू’ म्हणतात, त्यामुळे एखाद्या जुन्या गोवेकराने नाताळाला पेरू मागितला तर फळवाल्याकडे पाठवू नका.

अंडी गोळा करण्याची वेळ सकाळची नाही. टर्कीची बहुतेक अंडी दुपारनंतर पडतात. सकाळी कोंबड्यांबरोबर एकदा फेरी मारून मोकळे झालात, तर मुंगूस आणि कावळे उरलेली फेरी पूर्ण करतात. दुपारी दोन, चार आणि सहाला बघा. मादीला आडोसा आवडतो. खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवरच दोन फुटी खोकी, आत भाताचे तूस, आणि सुरुवातीला एखादे चुन्याचे खोटे अंडे. नाही तर ती करवंदीच्या जाळीत जाते.

उबवायची अंडी धुऊ नका. मळकी, तडकलेली, वेडीवाकडी बाजूला. सात दिवसांच्या वर साठवू नका. घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ओल्या वाळूवर मडके ठेवून त्यात तुसावर निमुळते टोक खाली करून ठेवा, दिवसातून एकदा हलकेच कलवा. फ्रीज नको. मार्चअखेरीस दुपारी खोली तापते तेव्हा सात दिवसही जास्त होतात; मी चार दिवसांनी बसवतो.

यंत्र असेल तर 37.5 अंश सेल्सिअस, 25 व्या दिवसापर्यंत रोज चार-पाच वेळा फिरवणे, मग फिरवणे बंद आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर. पंखा नसलेल्या स्वस्त खोक्यात तापमान वर-खाली वेगळे असते, थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवा. दहाव्या दिवशी उजेडात धरून पोकळ काढा.

यंत्र नसेल तर खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली मादी. टर्कीची मादी स्वतः दहा-पंधरा अंडी बसते, पण ती बसली की तिचे अंडे बंद, म्हणून हंगामात तिला बसू न देणे फायद्याचे. आपली गावठी कोंबडी चांगली बसते. टर्कीचे अंडे 85 ग्रॅमच्या आसपास असते, तिच्याखाली सहा-सात मावतात. त्यांच्यात कोंबडीची अंडी मिसळू नका. एकविसाव्या दिवशी ती पिल्ले घेऊन उठते आणि टर्कीची अंडी गार पडतात. मागे दोन वेळा अठ्ठावीस दिवस चिकटून बसलेली कोंबडी असेल तर तीच निवडा. आणि सर्वांत महत्त्वाचे: अंडी फुटली की त्याच दिवशी पिल्ले तिच्याखालून काढून घ्या. आई हवी म्हणून तिच्यामागे सोडणे हीच टर्कीतली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागडी चूक आहे.

कारण असे. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा सूक्ष्मजीव पसरतो. कोंबडीला त्याचे फारसे काही होत नाही, टर्कीचे मात्र यकृत सडते. इंग्रजीत त्याला ब्लॅकहेड म्हणतात, पण डोके काळे पडेलच असे नाही, त्यावर विसंबू नका. पंख गळालेले, डोळे मिटलेले पिल्लू आणि गंधकासारखी पिवळी विष्ठा, ही ओळख. मेलेले फाडून पाहिले तर यकृतावर गोल खोलगट डाग दिसतात. खात्रीचे औषध नाही, लस नाही. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, गांडुळाच्या पोटातही राहतात. म्हणून ज्या परसात आजवर कोंबड्या फिरल्या तिथे टर्कीची पिल्ले सोडायची नाहीत, आणि एकाच माणसाने आधी कोंबड्यांत मग टर्कीत जायचे असेल तर चप्पल बदलायची. जागा कमी असेल तर टर्की ठेवा किंवा कोंबड्या ठेवा. दोन्ही ठेवायचेच असतील तर टर्कीसाठी जमिनीपासून दोन फूट वर बांबूच्या पट्ट्यांचा माळा करा, विष्ठा खाली पडू द्या. मोठ्यांना दर दोन-तीन महिन्यांनी जंताचे औषध द्या, कोंबड्यांनाही.

पहिले दहा दिवस. टर्कीचे पिल्लू भुकेने मरते, आणि तेही खाद्य समोर असताना. त्याला दिसते कमी, शिकते हळू. ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या बल्बखाली, पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग करून किंचाळत असतील तर थंडी, भिंतीला चिकटून चोच उघडी असेल तर उष्णता. वर्तमानपत्र अंथरू नका, पाय घसरून फाकतात ते परत सरळ होत नाहीत. तुसावर गोणपाट टाका, आठवड्याने काढा. गोणपाट नसेल तर ती तूसच खात बसतात. प्रत्येक पिल्लाची चोच एकेकदा पाण्यात बुडवा. पाण्याच्या भांड्यात आणि खाद्याच्या ताटलीत रंगीत गोट्या टाका. चमकते तिथे चोच मारतात आणि चोच मारता मारता खायला लागतात. पाण्यात लिटरला 100 मिलिलिटर दूध, दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे बारीक कुस्करून, वर चिरलेला शेवग्याचा पाला किंवा कोथिंबीर. हे पंधरा दिवस. दुधाचे पाणी उन्हाळ्यात चार तासांत आंबते, भांडी दुपारी बदला. शिकवायला कोंबडीचे पिल्लू सोडा असा सल्ला तुम्हाला मिळेल. वर काय लिहिले ते पुन्हा वाचा.

पिल्लांना 28 टक्के प्रथिनांचे खाद्य हवे. तालुक्याच्या दुकानात टर्कीचे म्हणून काही मिळत नाही, सगळे ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर (अगदी कोवळ्या पिल्लांचे खाद्य) घेतात, त्यात बावीस-तेवीस टक्के असतात. उरलेली भर अंडे आणि सुकटीच्या भुकटीने निघते. पण पोत्यावरचे लेबल वाचल्याशिवाय उघडू नका. तिसऱ्या वर्षी माझी 22 पिल्ले होती. नवे पोते फोडले आणि तीन दिवसांत 13 पाय ओढत बसली आणि गेली. मी मानमोडी (राणीखेत) समजून धावपळ केली. डॉक्टरांनी पिल्लाआधी पोते पाहिले. त्यात सॅलिनोमायसिन होते. रक्ती हगवण होऊ नये म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यात ते घालतात. कोंबडीला चालते, टर्कीला विष आहे. नारासिनचेही तसेच. दुकानदाराला या दोन्ही नावांनी विचारा, लेबलावर स्पष्ट नसेल तर ते पोते घेऊ नका. घरी मका, सोयापेंड, सुकट आणि खनिज मिश्रण दळून करणे जास्त कटकटीचे, पण मी आता तेच करतो.

लसी: पहिल्या दिवशी मानमोडीची, चौथ्या-पाचव्या आठवड्यात देवीची, सहाव्यात पुन्हा मानमोडीची, आठ ते दहा आठवड्यांत कॉलऱ्याची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी नोंदवा, कुपी शंभर-दोनशे डोसांची येते आणि फोडली की तासाभरात संपवावी लागते. शेजारच्या दोघांना बरोबर घ्या. बाजारातून आणलेला मोठा पक्षी महिनाभर वेगळा ठेवा. 2006 चा नवापूरचा बर्ड फ्लू फेब्रुवारीतच उघड झाला होता. एकदम अनेक पक्षी मेले तर ते विकू नका, पुरूही नका, आधी दवाखान्याला कळवा.

पहिल्यांदाच पिल्ले आणणाऱ्यांनी जातीचा फार बाऊ करू नये. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पांढरी कारी विराट जात काढली, तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची नंदनम टर्की-1 आहे, आणि गावोगाव फिरणारी काळी देशी आहे. घरच्या ओव्हनमध्ये पाच किलोच्या आसपासचा पक्षी मावतो. दहा किलोचा नर हॉटेलवाल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि हॉटेलवाला वजन लागेल तेव्हाच पैसे देतो.

जागा चार आठवड्यांपर्यंत सव्वा चौरस फूट, सोळा आठवड्यांपर्यंत अडीच, पुढे चार, पैदाशीच्या मोठ्याला पाच. गर्दी झाली की एकमेकांचे डोके टोचतात. मे महिन्यात दुपारी छपरावर ओले गोणपाट टाका. उन्हात नर आधी मान टाकतात. पावसात छपराखालची तुसाची गादी रोज हलवा, ओली दिसली की तिथे कोरडे तूस टाका, चुना थोडा.

सप्टेंबरात गिऱ्हाईक ठरवा, गणपती झाले की लगेच. आगाऊ रक्कम घ्या. आणि नोव्हेंबरात, विक्री सुरू व्हायच्या आधी, पुढच्या हंगामासाठी ठेवायचे पक्षी निवडून त्यांच्या पायात कडी घाला: सरळ पायाचा, छातीवर काळ्या केसांचा झुपका आलेला, माणूस पाहून अंगावर न येणारा नर, एक जादा नर, आणि पाच-सहा माद्या. डिसेंबरच्या 23 तारखेला संध्याकाळी गाडी दारात उभी असते, गिऱ्हाईक बरोबर त्याच नराकडे बोट दाखवते आणि पाचशे जास्त द्यायला तयार असते. कडी असली की नाही म्हणणे सोपे जाते. त्याचा उजेड जानेवारीत वाढवायचा आहे.