एलटीस्पाइसमध्ये ट्रान्सफॉर्मर कसा उभारावा

एलटीस्पाइस या विद्युत मंडलांचे संगणकावर अनुकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफॉर्मरसाठी दोन साधी इंडक्टर (गुंडाळ्या) घ्यावीत, त्यांना एल१ (प्राथमिक) आणि एल२ (दुय्यम) अशी नावे द्यावीत आणि स्पाइस डिरेक्टिव्ह, म्हणजे आकृतीवर लिहायची सूचना म्हणून ‘के१ एल१ एल२ १’ ही ओळ रोमन अक्षरांत लिहावी. शेवटचा आकडा म्हणजे युग्मन गुणांक, म्हणजेच दोन गुंडाळ्या चुंबकीयदृष्ट्या किती घट्ट जोडलेल्या आहेत याचे माप होय; १ म्हणजे पूर्ण जोडणी.

नवशिक्यांची खरी गफलत होते ती इंडक्टन्सच्या किमतींत, कारण एलटीस्पाइसला वेढ्यांची संख्या सांगायची नसते आणि इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करायचे असतील, तर वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे १९.२ येते आणि त्याचा वर्ग सुमारे ३६७. म्हणून प्राथमिक गुंडाळी १० हेन्री धरल्यास दुय्यम गुंडाळी सुमारे २७.२ मिलिहेन्री ठेवावी लागते. स्रोताला शिखरमूल्य, म्हणजे लाटेचे कमाल मूल्य द्यायचे असते, त्यामुळे २३० ऐवजी ३२५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ लिहावे.

दुय्यम बाजूचे एक टोक ग्राउंडला जोडावे. प्रत्यक्षात ती बाजू विलग असली, तरी प्रत्येक नोडचे, म्हणजे जोडबिंदूचे व्होल्टेज कशाच्या तरी संदर्भाने मोजता यावे लागते.

आधी गुणांक १ ठेवूनच मंडल तपासावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नंतर तो ०.९९ केला, की प्राथमिक बाजूने पाहता सुमारे ०.२ हेन्री गळती इंडक्टन्स (दुसऱ्या गुंडाळीशी न जोडल्या गेलेल्या चुंबकीय प्रवाहामुळे येणारे) दिसू लागते आणि भार वाढताच व्होल्टेज खाली येते. गुंडाळ्यांचा रोधही त्याच वेळी भरावा. गाभ्याची संपृक्तता, म्हणजे ठरावीक मर्यादेनंतर गाभा आणखी चुंबकित न होणे, मात्र या रेषीय प्रतिमानात दिसत नाही.