लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा मॉनिटर जोडताना: अ‍ॅडॉप्टर कोणता घ्यायचा, चित्र आलं नाही तर काय बघायचं

अ‍ॅडॉप्टर घ्यायला नाशिकच्या एम.जी. रोडला निघण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: लॅपटॉपच्या दोन्ही कडांचे आणि प्रोजेक्टरच्या किंवा मॉनिटरच्या मागच्या बाजूचा. दुकानात नुसतं ‘एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर द्या’ म्हटलं तर उलट्या दिशेचाही हातात पडू शकतो. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या वेगळ्या वस्तू आहेत (एचडीएमआय आणि व्हीजीए हे चित्र पाठवायच्या जोडणीचे दोन प्रकार). आधी लॅपटॉपचं पोर्ट सांगायचं, मग पडद्याचं.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, शाळांत, सोसायटीच्या हॉलमध्ये निळ्या व्हीजीए पोर्टचे प्रोजेक्टर अजून भेटतात, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग. त्यामुळे मध्ये सिग्नल बदलणारी चिप लागतेच. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए असलेली साधी वायर चालत नाही. ही चिप एचडीएमआयच्या ५ व्होल्टवर चालते, पण त्या पिनवर फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी असते. वीज कमी पडली की चित्र मध्येच जातं-येतं. म्हणून बाजूला यूएसबीने वीज देण्याची सोय असलेलाच अ‍ॅडॉप्टर घ्या.

व्हीजीएमधून आवाज जात नाही. व्हिडिओ दाखवायचा असेल तर ३.५ मिमी ऑडिओ जॅक असलेला अ‍ॅडॉप्टर हवा, आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुट बदलावं लागतं. पडदा पिवळट दिसला तर निळा रंग पोहोचत नाहीये, गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवा. प्लग काढून पिन वाकली आहे का बघा, सरळ बसवा, दोन्ही स्क्रू आवळा. (काही केबलमध्ये एक पिन मुळातच नसते, तो दोष नव्हे.) बाकी सगळं दिसतं पण सिनेमाच्या अ‍ॅपमध्ये चित्र काळं, असं झालं तर अ‍ॅडॉप्टर बिघडलेला नसतो, व्हीजीएवर कॉपी-संरक्षण चालत नाही, म्हणून अ‍ॅप चित्र अडवतं.

टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून चित्र येईलच असं नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. शेजारी ‘डीपी’चं (डिस्प्लेपोर्ट, चित्र पाठवायच्या जोडणीचा आणखी एक प्रकार) किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह शोधा, नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (टाइप-सीमधून चित्र पाठवायची सोय) लिहिलंय का बघा. ती सोय नसेल तर डिस्प्लेलिंक (यूएसबीच्या डेटातून चित्र पाठवणाऱ्या) चिपचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याचा ड्रायव्हर घरीच टाकून घ्या, हॉलवर इंटरनेट मिळेलच असं नाही.

लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर सहसा साधा, स्वस्त अ‍ॅडॉप्टर पुरतो. उलट असेल, म्हणजे लॅपटॉपला एचडीएमआय, तर यूएसबीने वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह (सिग्नल बदलणारी चिप असलेला) कन्व्हर्टरच हवा.

आता जोडणी. प्रोजेक्टर चालू करा, केबल लावा, रिमोटवरच्या ‘सोर्स’ बटणाने योग्य इनपुट निवडा. हे इनपुट निवडायचं राहिल्यामुळेच कितीतरी वेळा चांगल्या केबलवर ठपका बसतो. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा. दोन्हीकडे तेच चित्र हवं असेल तर ‘डुप्लिकेट’. सादरीकरणाच्या टिपा फक्त स्वतःला दिसायला हव्या असतील तर ‘एक्स्टेंड’. मॅकवर ‘डिस्प्लेज’ सेटिंगमध्ये ऑप्शन बटण दाबून धरलं की ‘डिटेक्ट डिस्प्लेज’ दिसतं.

तरीही पडदा काळाच? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर रिझोल्यूशन १०२४×७६८ आणि रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) ६० हर्ट्झ करून बघा.

फोर-के मॉनिटरवर माउस अडखळत सरकत असेल तर साखळीत कुठेतरी एचडीएमआय १.४ आहे, त्यावर फोर-के ३० हर्ट्झलाच चालतं. ६० हर्ट्झसाठी लॅपटॉपचं पोर्ट, अ‍ॅडॉप्टर, केबल आणि मॉनिटर, चारही एचडीएमआय २.० च्या क्षमतेचे लागतात.